वाइनच्या लेबलावर गोकाकचा धबधबा: रेघा बुजतात, कागद सुरकुततो

खानापूरकर: ७५० मिलीच्या सरळ बाटलीसाठी शाईपेनाने धबधबा आणि झुलता पूल काढलाय. लेबल ९० × १२० मिमी. नमुन्यात पुलाच्या तारा बुजल्या, बर्फात बाटली ठेवल्यावर कागद सुरकुतला. काय बदलू?

रेघोट्या: मूळ चित्र ए-४ वर आहे ना? ते ४० टक्क्यांवर येतं, म्हणजे ०.५ मिमीची रेघ ०.२ उरते. खडबडीत कागदावर शाई पसरते आणि मधली जागा भरते. तारा निम्म्या करा, अंतर वाढवा. रेघा फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतली बारीक रेघ छपाई जरा सरकली की दुहेरी दिसते. आणि बाटलीचा व्यास सुमारे ७५ मिमी, त्यामुळे कडा मागे वळतात. पूल मधल्या ६० मिमीत बसवा.

छापखाना_टिळकवाडी: वेट-स्ट्रेंथ कागद (ओला झाला तरी न फाटणारा) मागा, गोंदही बर्फाला टिकणारा. चिकटवून २४ तास थांबा, मगच बर्फाच्या पाण्यात तपासा. ब्लीड, म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चित्र लेबलाबाहेर वाढवायचं ते, ३ मिमी.

वैधानिक इशाऱ्याची अक्षरं किमान ३ मिमी हवीत, त्याची जागा आधीच राखा. अबकारी खात्याची मंजुरी येईपर्यंत पूर्ण छपाई नको.

खानापूरकर: तारा कमी करून पुन्हा काढतो. आभार!