पाण्याला वास येतोय, कोणता आरओ घ्यावा?

लहवितकर: आठ दिवस झाले, पाण्याला वास येतोय. चांगला आरओ सुचवा, बजेट पंधरा हजार. घरात सव्वा वर्षाची मुलगी आहे. लवकर सांगा, उद्याच सुट्टी आहे.

दारणाकाठ: नळाचं की बोअरचं? वास कसला? रॉकेलसारखा, कुजक्या अंड्यासारखा, की गटारासारखा?

लहवितकर: बोअरचंच, इथे नळ कुठला! दोनशे दहा फूट. पोतेरं भिजत पडलं की येतो तसा वास. आणि हो, मागे लष्कराची हद्द आहे, फायरिंग चालू झालं की खिडक्या वाजतात. शेजारचे काका म्हणतात, दारूगोळ्याचं पाणी मुरतं. म्हणून आरओ.

चौकस: काकांना हसू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात कॅम्प लेज्यून हा मरीनांचा तळ आहे. 1953 ते 1987 तिथली कुटुंबं ट्रायक्लोरोइथिलीन (यंत्रांचं ग्रीस काढायचं रसायन) वगैरे मिसळलेलं पाणी प्यायली. दावे लावता यावेत म्हणून 2022 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. शिवाय आग विझवायच्या फेसातली पीफास रसायनं! त्यातल्या पीएफओएची मर्यादा तिथे 2024 मध्ये लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. आपल्या आयएस 10500 मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, त्याचं नावही नाही.

दारणाकाठ: त्याच लेज्यूनच्या एका वसाहतीचं पाणी तळाबाहेरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानानं नासवलं होतं, तेही लिहा की. लहवितकर, शोषखड्डा बोअरपासून किती लांब? पाऊस कधी झाला?

चौकस: तुम्ही लष्करात होता वाटतं?

दारणाकाठ: पाणीपुरवठ्यात. एकतीस वर्षं.

सुमाताई: तुरटी फिरवा, उकळा, तांब्याच्या हंड्यात ठेवा. आम्ही भगूरला हेच करतो, कुणाला काही झालं नाही.

दारणाकाठ: ताई, तुरटीनं गाळ बसतो. उकळून जंतू मरतात, पण मैल्यातून, खतातून उतरणारं नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं वाढतंच. लहान बाळांना त्याचाच धोका. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम.

गुंठामंत्री: लहवित रोडला गुंठ्याला काय भाव चाललाय?

दारणाकाठ: आरओ राहू द्या. ग्रामपंचायतीत एच-टू-एसच्या बाटलीचं विचारा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायची. काळी झाली तर मैला मिसळतोय समजा.

लहवितकर: बाटली परवा रात्री ओट्यावर ठेवली. सकाळी मळकट, संध्याकाळी शाईसारखी काळी. बायकोनं लगेच जार सुरू केला. आमचा शोषखड्डा लांब आहे हो. मागच्या बंगल्याचा पंधरा फुटांवर, मे महिन्यात खणलाय. पहिला मोठा पाऊस होऊन दहा दिवस झाले. मला वाटलं, त्याचा काय संबंध.

चौकस: पण बाटलीत रसायनं कळत नाहीत!

दारणाकाठ: नाहीच कळत. म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्या, नायट्रेट आवर्जून तपासायला सांगा. आणि केसिंग, म्हणजे वरचं घाण पाणी बोअरमध्ये उतरू नये म्हणून घालतात तो पाइप, किती फूट घातलंय?

लहवितकर: बोअरवाला चाळीस म्हणाला होता. आत्ता बिल काढून बघितलं. वीस लिहिलंय.