वेडेलिया काढून उतारावर स्थानिक काय लावावं? (दापोली)

परसदार_दापोली
नमस्कार. दापोलीजवळ आमचं घर आहे. आई तिथे एकटी असते, मी पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी जाते. मागे जांभ्याचा गडगा, गडग्याखाली उतार आणि उताराच्या तळाशी पऱ्या, म्हणजे लहान ओढा. काही वर्षांपूर्वी बाग करून देणाऱ्याने उतारावर वेडेलिया लावून दिला, तोच पिवळ्या फुलांचा, चकचकीत पानांचा. आता तो अख्खा उतार व्यापून गडग्याच्या फटींतून वर आलाय आणि पऱ्याच्या काठाने खालीही सरकलाय. पूर्वी तिथे पावसात तेरडा, रानहळद, केना आपोआप यायचं. ते दिसेनासं झालंय. गडग्यावर गुलाबी फुलांची आइसक्रीम वेल आहे, तिने शेवगा पार झाकून टाकला.

हे सगळं काढायचं ठरवलंय, पण भीती अशी की पहिल्याच पावसात माती पऱ्यात जाईल. आईला रोज पाणी घालणं जमणार नाही. आणि फार दाट काही लावलं तर तिला जनावराची, म्हणजे सापाची, भीती वाटते. कुणी असा उतार बदललाय का?

टेकडीकर
तणनाशक मारा आणि मोकळे व्हा, हाताने वेडेलिया निघत नाही. आणि खरं सांगायचं तर परदेशी झाड म्हणून एवढं काय? मिरची, टोमॅटो, काजू सगळं बाहेरूनच आलं. माती धरून ठेवतोय ना?

रानभाजी_देवरुख
टेकडीकर, खाली पऱ्या आहे. उतारावर मारलेलं औषध पावसाबरोबर त्यातच उतरणार. तणनाशक नकोच.

परदेशी असण्याबद्दल: मिरची कुंपण ओलांडून रानात पसरत नाही, फरक तेवढाच आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत वेडेलिया आहे, घाणेरी आहे, रानमोडी आणि सुबाभूळही आहे. आणि त्याच यादीत आपली माधवीलताही आहे! सह्याद्रीत ती आपल्या जागी नांदते, पण हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर तिने तिथलं जंगल गिळलं. वेडेलियाचं मूळ घर मध्य अमेरिका आणि कॅरिबियन. तिथे तो गुणी असेल. दापोलीच्या पऱ्यावर त्याला आवरणारं काही नाही.

ताई, आता तुमचा उतार. मातीची भीती खरी आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सगळा उतार एकदम उघडा केलात तर आषाढापर्यंत नुसता मुरूम उरेल. म्हणून उताराला आडवे पट्टे पाडा. एक पट्टा साफ करायचा, त्याखालचा तसाच ठेवायचा. साफ केलेल्या पट्ट्याच्या खालच्या कडेला वाळ्याची सलग ओळ लावा, ठोंब वीतभर अंतरावर. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, म्हणून तो शेजारच्यांना त्रास देत नाही. वरून येणारं पाणी ओळीपाशी मंदावतं आणि गाळ तिथेच बसतो. पहिला पावसाळा नीट गेला की पुढच्या वर्षी राहिलेले पट्टे घ्या. मधल्या काळात शेजारचा वेडेलिया साफ पट्ट्यात घुसणार, त्याची कड पावसात दर पंधरवड्याला खुरप्याने तोडावी लागेल. हे काम आईवर टाकू नका, गड्याचे पैसे आधीच बाजूला काढा. काम इथेच फसतं, लावण्यात नाही.

काढायची वेळ आत्ताची, मृगाआधीची. जमीन कडक असते म्हणून आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि सकाळी कुदळीने मुळासकट उपटा. वेडेलियाच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, बोटभर तुकडा ओल्या मातीत राहिला की तो पुन्हा उभा. काढलेला ढीग पऱ्याकाठी टाकू नका, खताच्या खड्ड्यातही नको. खळ्यात ताडपत्रीवर पसरा, चुरा होईपर्यंत वाळू द्या आणि मग न्हाणीच्या चुलीत घाला.

पट्ट्यांमध्ये काय लावायचं? मी म्हणेन, पहिल्या पावसात आधी बघा. रानहळदीचे कंद आणि तेरड्याचं बी अजून मातीत असू शकतं, उजेड मिळाला तर वर येतील. नाही आले तर झाडाखालच्या सावलीत रानहळद, पेव, काळी मुसळी, भारंगी. भारंगीची कोवळी पानं भाजीला होतात, आईला आवडेल. उन्हाच्या बाजूला मारवेल गवत आणि दुर्वा, मधे मधे विष्णुक्रांता. पऱ्याच्या काठाला जिथे ओल टिकते तिथे कारिवणा आणि रतोलिया, दोन्ही जमिनीला चिकटून पसरतात. आंबुशी आली तर राहू द्या, लोक ती तण म्हणून उपटतात, पण छोट्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्यावरच वाढतात.

एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा. वेडेलिया बारमाही हिरवा असतो, तो लावला जातो तोच त्यासाठी. वर सांगितलेल्यातलं बरंचसं दिवाळीनंतर सुकायला लागेल आणि शिमग्यापर्यंत उतार पिवळा-तपकिरी दिसेल. कोकणातली जमीन अशीच असते. कंद खाली जिवंत असतात. त्या महिन्यांत आंब्या-फणसाचा पातेरा झाडून जाळू नका, तो उतारावरच राहू द्या. ओल धरतो आणि वळवाचे पहिले थेंब थेट मातीवर पडू देत नाही. पाणी घालायची गरज नाही, फक्त पहिल्या वर्षी वाळा लागेपर्यंत पाऊस उघडला तर थोडं.

जनावरासाठी घराच्या भिंतीपासून चार-पाच हात जागा मोकळी, सारवलेली ठेवा. दाट लावायचं ते गडग्यापलीकडे.

परसदार_दापोली
ताई, खूप आभार. पट्ट्यांची कल्पना सुचलीच नव्हती. गडग्यावर काय चढवू? आइसक्रीम वेलीवर मधमाश्या खूप येतात, म्हणून काढताना वाईट वाटतंय. कळलावी चालेल का, ती तर आपलीच आहे?

सागरतीर_वेंगुर्ला
लावण्याबद्दल ताईंनी सांगितलंच, मी ओळखण्याबद्दल आणि खरेदीबद्दल लिहितो. पिवळा माका नावाचं एक आपलं झाड आहे, वेडेलियाचं जवळचं नातेवाईक, ओलसर जागी येतं. फूल जवळजवळ तसंच, पण पान अरुंद आणि लांबट. वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन पाळ्या दिसतात. पऱ्याकाठी उपटताना पान बघून उपटा. विष्णुक्रांता मागितली की रोपवाटिकेत निळ्या टपोऱ्या फुलांची ब्राझीलची जात हातात देतात. आपल्या विष्णुक्रांतेचं फूल नखाएवढं आणि रोप जमिनीसरपट असतं. जांभळ्या पट्ट्यांची झेब्रिना 'सावलीला उत्तम' म्हणून गळ्यात मारतील, ती तर मुळीच नको, तीही पेरापेराला रुजते.

आमच्याकडे पुळणीवर मर्यादवेल आहे, वाळू धरते. तुमचा उतार समुद्रापासून दूर असेल तर तिचा उपयोग नाही.

रानभाजी_देवरुख
पिवळ्या माक्याचं बरं सांगितलंत.

ताई, कळलावी घराजवळ नको. फूल देखणं आहे, पण तिचा कंद, बी, सगळंच विषारी आहे. उताराच्या टोकाला, पोरं आणि शेरडं जात नाहीत अशा जागी हवी तर लावा.

मधमाश्यांचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्या आइसक्रीम वेलीवर येतातच. म्हणून ती एकदम काढू नका, शेवग्यावरची आधी काढा. नुसती कापून ती मरत नाही, जमिनीत गाठी असतात, त्या खणून काढायला लागतात आणि एखादी राहिली की पुन्हा फुटते. फुटवा दिसला की लगेच तोडायचा, गाठ हळूहळू दमते.

तिच्या जागी गडग्यावर कायमची म्हणून कुसर लावा. रानातला मोगराच म्हणा ना, उन्हाळ्यात पांढरा फुलतो आणि वास अंगणापर्यंत येतो. फांदी वाकवून मातीत दाबली की रुजते, म्हणून कुणाच्या तरी कुंपणावरून मिळवणं सोपं. तिच्या पायाशी, चिऱ्यांच्या फटीत उपळसरी. बारीक वेल आहे, कशालाच गुदमरवत नाही. गुळवेल मात्र शेवग्यावर सोडू नका, लहान झाडाला ती जड होते. जुन्या आंब्याला चालेल.

पावसाळी वेलींत मी करटोली आणि करांदा यांच्याशिवाय गडगा ठेवणार नाही. करटोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, हे ठाऊक नसल्यामुळे लोक म्हणतात फूल येतं पण फळ धरत नाही. बियांपासून लावलीत तर फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून फळ धरणाऱ्या वेलीचे कंद मागा आणि त्यांच्यासोबत एखादा नर. दोन्ही वेली हिवाळ्यात वरून जातात आणि पुढच्या पावसात त्याच जागी फुटतात. करांदा शेजारच्यांच्या घरचा, खाण्यातला आणा, रानातला कडू निघतो.

फुलपाखरांसाठी सापसण. क्रिमसन रोझ आणि सह्याद्रीतलं मोठं बर्डविंग आपली अंडी तिच्यावर घालतात. ती औषधी म्हणून कुणी काढा करून द्यायला लागलं तर आईला घेऊ देऊ नका, तिने मूत्रपिंडं खराब होतात. आणि रोपवाटिकेतली मोठ्या फुलांची बदकवेल सापसणीच्या जागी आणू नका. ऑस्ट्रेलियात तिथलं बर्डविंग तिच्यावर फसून अंडी घालतं आणि अळ्या मरतात.

वाळ्याच्या ठोंबांसाठी कृषी विद्यापीठ तुमच्या दापोलीतच आहे, तिथल्या रोपवाटिकेत विचारून बघा. करटोलीचे कंद रानातून खणून आणू नका, तिथली वेल त्याने संपते. श्रावणात आठवडा बाजाराला करटोली घेऊन बसणाऱ्या बायका असतात, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी बांधावर वेल असतेच. आईला त्यांच्याशी बोलून ठेवायला सांगा, कंद पाऊस संपल्यावर मिळतील.