तुमच्या संशोधनाचा प्रश्न कुठून आला? मराठवाड्यातल्यांनी लिहा

पदव्या आणि पेपर बाजूला ठेवा. हा प्रश्न तुम्हालाच का सुचला, तेवढं सांगा. सुरुवात मी करते.

माझं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, गाव दमून झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला माळवद खाली आलं. मी दुसरीत होते. पुढे इंजिनिअरिंगला जुना भूकंप-नकाशा पाहिला, तर लातूर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये! २००२ साली तो झोनच काढला आणि आम्ही तिसऱ्यात गेलो. पण मला छळत होती ती भिंत. इतकी जाड दगडी भिंत ढासळते कशी? आमच्या गवंडीमामांनी सांगितलं, "बाई, ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक, आतून एक, मधी चिपा अन् माती. दोन्हींना धरणारा लांब दगड कुणी घातलाच नाही." माझं सगळं काम त्या आरपार दगडाचं आहे. चुलती अजूनही पावसाळा सोडला तर अंगणातच झोपते.

जालन्याहून : मी तुरीवर काम करतो. आमचं रान मुरमाड. पाऊस लवकर उघडला की शेंगा भरायला ओलच राहत नाही. म्हणून कमी दिवसांत येणारी तूर हाच माझा विषय. बदनापूर संशोधन केंद्राच्या बीडीएन ७११ या वाणानं ती वाट आधीच दाखवलीय. पण आई डाळ शिजवून बघितल्याशिवाय कुठल्याच वाणाला हो म्हणत नाही, आणि मी तिचं ऐकतो.

हिंगोलीहून : औंढ्याजवळ लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा होणार, हे कळलं तेव्हा मी बारावीत होतो. त्याच वर्षी फिजिक्स घेतलं.

बीडहून : आईबाप ऊसतोडीला, मी फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत वाढले. आता सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करतेय. सर्वेक्षणाच्या पहिल्या फॉर्ममध्ये होतं, घरी संडास आहे का? आहे की. पण ते घर दिवाळीनंतर पाच-सहा महिने कुलूपबंद असतं! पाळीत किती दिवस सुट्टी घेता, असंही विचारलं होतं. सुट्टी नसतेच तिथे, खाडा असतो, आणि खाड्याचे पैसे कापतात. मी भांडून दोन्ही प्रश्न बदलून घेतले, 'खाडा' हा शब्द तसाच ठेवला. त्या शब्दावर बायका बोलायला लागल्या. पहिला फॉर्म आईचा भरला. मी पोटात असताना तिचे किती खाडे पडले होते, ते मला त्या दिवशी कळलं.