वारा सुटला की मेनसेल (मोठं शीड) उतरवायचं, की नुसती शीट (शीड ताणून धरणारा दोर) सोडायची?

पवनीकाठ
गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर शिडाची छोटी नाव चालवणाऱ्या पोरांसाठी लिहितो. उन्हाळ्यात आभाळ भरून आलं की मेनसेल तेव्हाच उतरवा, वारा अंगावर यायची वाट पाहू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. उतरवताना नावेचं तोंड वाऱ्याकडेच हवं. मग शीड नुसतं फडफडतं, बूम (शिडाखालची आडवी काठी) मधोमध येतो आणि हॅलियर्ड (शीड वर चढवायचा दोर) सोडला की कापड नावेतच पडतं. वारा पाठीमागून असताना सोडलं तर कापड डोलकाठीच्या तारांवर दाबून राहतं, कडेचा दोर खाचेत अडकतो. अर्धं शीड वर, अर्धं पाण्यात.

ढिवरपोरगा
भाऊ, मले नाही पटलं. आमच्या डोंग्याले शीड नसते, पण हा वारा आमी रोज पायतो. आंभोऱ्याकडं तो टेकडीले आपटते अन् फिरते. तुमी तोंड वाऱ्याकडं कराल, घटकाभरानं तोच वारा आडवा येईन. अन् त्याच येळी पोरगं डोलकाठीजवळ उभं! लहान नाव उभ्या माणसानंच उलटते. शीट सोडा, खाली बसा, झोत जाऊ द्या.

पवनीकाठ
शीट सोडून वारा सांडतो, पण तो समोरून किंवा बाजूनं असेल तरच. पाठीमागून असेल तर बूम तारेला टेकतो आणि शीड भरलेलंच राहतं. तेव्हा कितीही दोर सोडा, नाव पळतच राहणार. उभं राहायचं म्हणाल तर हॅलियर्ड बसल्या जागेवरून सोडता येईल असा बांधून घ्या. दोर आधीच मोकळा करून ठेवा, गुंता राहू देऊ नका.

सुट्टीत_गावी
सगळ्या नावांना एकच नियम लावू नका दादा. लेझर या एकट्यानं चालवायच्या छोट्या नावेला हॅलियर्डच नसतो. ७.०६ चौरस मीटरचं शीड बाहीसारखं डोलकाठीवर चढवलेलं असतं. भर पाण्यात ते उतरवत बसणं म्हणजे नाव उलटवणंच. तिथे ढिवरभाऊंचंच खरं. ऑप्टिमिस्ट या पोरांच्या छोट्या नावेत शिडाचं टोक वर धरणारी तिरपी काठी ढिली केली की शिडाचं वरचं टोक पडतं, तेवढ्यानंही जोर बराच उतरतो.

पवनीकाठ
लेझरचं मान्य. मी हॅलियर्डवाल्या नावांबद्दलच बोलतोय. त्यातही वारा काठाकडे वाहत असेल तर भरल्या शिडानं काठाला येऊच नका. दूर पाण्यातच तोंड वळवा, मेनसेल खाली घ्या, मग पुढच्या लहान शिडावर हळू या.

ढिवरपोरगा
दूर पाण्यात म्हणता, पण तिथं जलपर्णी असते ना! तुमच्या नावेखालची फळी तिच्यात गुतली का नाव वळतच नाही. मंग तोंड वाऱ्याकडं कसं करान?

पवनीकाठ
म्हणूनच लवकर उतरवा म्हणतो. जलपर्णीचा पट्टा लागायच्या आधी, मोकळ्या पाण्यात. आणि लाइफ जॅकेट काठावरूनच घालून निघायचं, वारा सुटल्यावर शोधायचं नाही.

ढिवरपोरगा
जॅकेटचं बरोबर. पण वारा सुटल्यावर पोराले डोलकाठीपाशी मी तरी जाऊ देणार नाही.