फॉलिक्युलर लिम्फोमा ‘रेमिशनमध्ये’ असताना पूर्वेतिहासाचा कोड का चालत नाही?

प्रश्न :
नमस्कार. मी पुण्यात बसून अमेरिकेतील रुग्णालयांच्या ऑन्कॉलॉजी (कर्करोग) चार्टचे कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींवरून निदानांचे ठरलेले कोड देते. परवा ऑडिटमध्ये माझा एक चार्ट चुकला. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात रिटुक्सिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या मेंटेनन्स डोससाठी (आजार परतू नये म्हणून चालू ठेवलेल्या उपचारासाठी) आली होती. डॉक्टरांनी ‘फॉलिक्युलर लिम्फोमा, रेमिशनमध्ये’ (लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, सध्या आटोक्यात) एवढेच लिहिले होते, आणि जुन्या बायॉप्सीच्या अहवालात ‘ग्रेड १-२’ असा उल्लेख होता. स्कॅनमध्ये आजाराचा मागमूस नव्हता, म्हणून मी झेड८५.७२ हा पूर्वेतिहासाचा (‘लिम्फोमा पूर्वी होता, आता नाही’ असे सांगणारा) कोड दिला. तो का खोडला गेला, आणि ग्रेड कोणता धरायचा?

उत्तर १ :
ऑडिटरचे बरोबर आहे. लिम्फोमा रेमिशनमध्ये गेला तरी रुग्णाला तो आजार आहे असेच कोडिंगच्या मार्गदर्शक सूचना मानतात. शिवाय आपल्या रुग्णाचे तर उपचारही चालू आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून फॉलिक्युलर लिम्फोमाच्या सी८२ गटात शेवटी ‘ए’ असलेले रेमिशनचे कोड आले आहेत, उदाहरणार्थ ग्रेड १ साठी सी८२.०ए. भेट केवळ रिटुक्सिमॅबसाठी असल्याने आधी झेड५१.१२ (इम्युनोथेरपीसाठीची भेट) आणि त्याखाली लिम्फोमाचा कोड येईल. एक गोष्ट मात्र मला खटकते : हा ‘ए’ नेमका गाठींची जागा सांगणाऱ्या अंकाच्या ठिकाणी बसतो, त्यामुळे आजार मानेत होता की जांघेत, हे कोडवरून कळत नाही.

उत्तर २ :
ग्रेडबद्दल. सूक्ष्मदर्शकाच्या उच्च विवर्धनाच्या एका दृश्यक्षेत्रात सरासरी ५ पर्यंत सेंट्रोब्लास्ट (मोठ्या आकाराच्या बी-पेशी) असतील तर ग्रेड १, ६ ते १५ असतील तर ग्रेड २. पण दोन्हींचा उपचार आणि वाटचाल सारखीच असल्याने पॅथॉलॉजिस्ट ‘१-२’ असे एकत्र लिहितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात तर ग्रेड देणे ऐच्छिक झाले आहे. कोडच्या पुस्तकात मात्र सी८२.० (ग्रेड १) आणि सी८२.१ (ग्रेड २) वेगळेच आहेत, एकत्रित कोड नाही. त्यांतला एक आपण मनाने उचलू नये. सध्याच्या नोंदीवर सी८२.९ए (ग्रेड न सांगणारा रेमिशनचा कोड) द्यावा किंवा डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवावी.

उत्तर ३ :
बाह्यरुग्ण चार्टमध्ये पॅथॉलॉजिस्टच्या अंतिम अहवालावरून कोड देता येतो ना? पॅथॉलॉजिस्टही डॉक्टरच असतात.

उत्तर २ :
येतो, पण त्या तपासणीसाठी झालेल्या भेटीला. जुना अहवाल आजच्या भेटीत आपण ओढून आणू शकत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो आजच्या नोंदीत घेतला तर गोष्ट वेगळी. आणि ग्रेड एकच लिहिलेला असता तर हा वाद कामाचा होता. येथे अहवालच ‘१-२’ म्हणतो.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. क्वेरीत ‘ग्रेड १ आहे का?’ असे विचारले तर उत्तर सुचवल्यासारखे होईल, म्हणून मी असे लिहिले आहे : ‘बायॉप्सीच्या अहवालात ग्रेड १-२ अशी नोंद आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार ग्रेड कृपया स्पष्ट करावा : ग्रेड १, ग्रेड २, अन्य, किंवा निश्चित करता येत नाही.’