मदत हवी आहे: दहा साइट्स एक सांगतात, एक उलटं सांगते, कुणाचं धरू?

खडूफळा: उद्या सकाळी मुलांना वाचायला लिंक्स द्यायच्यात आणि मी इथेच अडकलेय. आठ-दहा साइट्स तेच सांगतायत, चित्रासकट, आणि एकच म्हणते हे साफ चूक आहे. साइट भरवशाची आहे का हे पटकन कसं ओळखायचं? लवकर सांगा प्लीज.

बोरूबहाद्दर: तेच म्हणजे काय? विषय? इयत्ता?

टिंबटिंब: सोप्पंय. डॉट ऑर्ग असेल तर घ्या, डॉट कॉम असेल तर सोडा.

रद्दीवाला: टिंबटिंब, डॉट ऑर्ग पैसे भरून कुणालाही मिळतं हो, मलासुद्धा.

टिंबटिंब: मग काय डॉट कॉमवर शिकवायचं? धन्य.

खडूफळा: भांडू नका हो. सातवी, विज्ञान. जिभेचा नकाशा, टोकाला गोड, मागे कडू वगैरे.

लेन्सवाली: हे आधी सांगायचं ना! ती एकटी साइट बरोबर आहे. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेला कुठली चव कुठे जरा लवकर कळते ते मोजलं, फरक अगदी थोडा होता, पण १९४२ मध्ये बोरिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकातल्या आलेखात तो भलताच मोठा दिसला आणि पुढे त्याचाच नकाशा झाला. १९७४ मध्ये कॉलिंग्ज यांनी परत मोजलं तरी फरक किरकोळच. तुमच्या दहा साइट्स म्हणजे दहा पुरावे नाहीत, एकीचं बघून दुसरीने छापलेलं आहे.

झंप्या: लिंक्स देण्यापेक्षा क्यूआर कोड करा, मस्त रंगीत पण होतात.

रद्दीवाला: झंप्या, कुणी विचारलं? खडूफळा, साइटवरचं 'आमच्याविषयी' वाचत बसू नका, तिथे सगळे स्वतःला थोरच म्हणवतात. दुसऱ्या टॅबमध्ये त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते शोधा. स्टॅनफर्डच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये हेच दाखवलं, इतिहासाचे पीएचडीवाले आणि विद्यार्थी त्याच पानावर घुटमळत राहिले, फॅक्टचेकर मात्र लगेच बाहेर पडून बघून आले.

बोरूबहाद्दर: मी तर विकिपीडियाच्या तळटीपा उघडतो, लेख नाही वाचत.

टिंबटिंब: विकिपीडिया कुणीही बदलतं!!

बोरूबहाद्दर: म्हणूनच तळटीपा म्हटलं ना.

खडूफळा: आत्ता जिभेच्या मागच्या बाजूला साखर ठेवून बघितली, गोडच लागली की. पण गेल्या वर्षी हाच नकाशा मी फळ्यावर काढलेला आणि त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर अजून आहे. त्याचं काय करू?