मदत हवी आहे: मायक्रोकॅरिअरवरच्या डीएफ-१ पेशी तिसऱ्या दिवशी गठ्ठे करून सुटतात

पेशीपुराण:
नमस्कार मंडळी,

कोंबडीच्या पेशी बायोरिॲक्टरमध्ये वाढवणारं इथे कुणी असेल तर सल्ला हवा आहे. काम पशुवैद्यकीय लशीचं आहे. मानमोडीचा, म्हणजे न्यूकॅसल रोगाचा लासोटा विषाणू अंड्यांऐवजी डीएफ-१ या कोंबडीच्या सेललाइनवर (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशींवर) काढायचा आहे. फ्लास्कमध्ये पेशी झकास वाढतात, विषाणूही बरा येतो. घोडं अडलंय ते ३ लिटरच्या काचेच्या बायोरिॲक्टरमध्ये.

सेटिंग असं: २ लिटर मीडियम (पेशींचं पोषक द्रव), ५ टक्के सीरम, सायटोडेक्स-१ बीड्स (हेच मायक्रोकॅरिअर, पेशी ज्यांवर चिकटून वाढतात ते बारीक मणी) लिटरला ३ ग्रॅम, इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला टाकलेल्या पेशी, मिलीलीटरला ४०,०००, ३७ अंश, पीएच ७.२, ऑक्सिजन ४० टक्क्यांवर. इम्पेलर पिच्ड ब्लेड. पेशी नीट चिकटाव्यात म्हणून पहिले चार तास ढवळणं पूर्ण बंद, मग ५० आरपीएम.

दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळं छान दिसतं. तिसऱ्या दिवशी दहा-पंधरा बीड्सचे गठ्ठे होतात, त्यांच्यावरून पेशींचा पापुद्रा सुटून येतो आणि पेशींचा आकडा कोसळतो. आमच्याकडे दोन तट पडलेत. एक म्हणतो आरपीएम वाढवा, गठ्ठे फुटतील. दुसरा म्हणतो कमी करा, पेशी ढवळण्यानेच फाटताहेत. वरिष्ठांनी तर तिसराच बाण सोडला: डीएफ-१ सोडा आणि मीडियममध्ये सुट्या तरंगत वाढणारी बदकाची सेललाइन आणा. कुणाचं ऐकू?

नळीवाला:
कुणाचंही ऐकण्याआधी दोन प्रश्न. पेशी मोजता कशा? आणि गठ्ठे होतात त्याच दिवशी नमुन्यात मोकळे, पेशी नसलेले बीड्सही दिसतात का?

पेशीपुराण:
ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने) पेशी सोडवून ट्रायपॅन ब्लूमध्ये, म्हणजे मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगात, मोजतो. आणि हो, मोकळे बीड्स असतात. बरेच असतात. त्याकडे आम्ही फारसं लक्ष दिलं नव्हतं.

नळीवाला:
मग तुमच्या कोसळलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. गठ्ठ्याच्या आतल्या पेशींपर्यंत ट्रिप्सिन धड पोचत नाही, त्या मोजणीतून निसटतात. केंद्रकं मोजा. नमुना उभा ठेवून बीड्स खाली बसू द्या, वरचं मीडियम काढा, तेवढ्याच आकारमानाचं ०.१ मोलर सायट्रिक ॲसिड घाला, त्यात ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट. तासभर ३७ अंशाला ठेवून व्हॉर्टेक्सवर जोरात हलवा. पेशी फुटतात, जांभळी केंद्रकं बाहेर येतात, ती हिमोसायटोमीटरमध्ये मोजायची. दोन केंद्रकांची पेशी दोनदा मोजली जाते, तेवढं चालवून घ्या. आणि वर काढलेल्या मीडियममधल्या सुट्या पेशी वेगळ्या मोजा. नाहीतर सुटल्या किती आणि गठ्ठ्यात अडकल्या किती, हे कधीच कळणार नाही.

गोलमणी:
उत्तर आरपीएममध्ये नाहीच. ते तुमच्या पहिल्या चार तासांत आहे.

आधी हिशेब करा. सायटोडेक्स-१ च्या एका ग्रॅममध्ये साधारण ४३ लाख बीड्स असतात. लिटरला ३ ग्रॅम म्हणजे मिलीलीटरला जवळजवळ १३,००० बीड्स. त्यावर ४०,००० पेशी, म्हणजे बीडमागे सरासरी तीन. पण पावसाचे थेंब फरशीवर मोजूनमापून पडत नाहीत, तशाच पेशीही बीड्सवर सारख्या वाटल्या जात नाहीत. सरासरी तीन असताना, अगदी आदर्श मिसळण असली तरी ४ ते ५ टक्के बीड्स कोरे राहतात. टाकलेल्या पेशींपैकी निम्म्याच चिकटल्या, तर सरासरी दीडवर येते आणि पाचातला एक बीड कोरा! कोऱ्या बीडवर नंतर फारसं काही वाढत नाही. डीएफ-१ फायब्रोब्लास्ट आहे, ती एका बीडवरून उठून दुसऱ्यावर सहजासहजी जात नाही.

हे झालं आदर्श मिसळणीचं. तुम्ही तर ढवळणं बंदच ठेवता. बीड्स काही मिनिटांत तळाला बसतात. फुगलेला सायटोडेक्स-१ ग्रॅमला साधारण २० मिलीलीटर जागा घेतो, तुमचे ६ ग्रॅम म्हणजे १२० मिलीलीटरचा ढीग. सुट्या पेशी बीड्सपेक्षा खूप सावकाश खाली येतात, त्यामुळे त्या पडतात ढिगाच्या वरच्या थरावर. वरच्या बीड्सवर दहा-पंधरा पेशी, खालचे उपाशी. शिवाय एकमेकांना टेकलेल्या दोन बीड्सवर एकाच वेळी पाय रोवून बसलेली पेशी हा पहिला पूल. चार तास तसंच ठेवलं की असे पूल पक्के होतात.

आता पुढचं बघा. १९० मायक्रॉनच्या बीडवर भरगच्च झाल्यावर शंभरेक पेशी मावतात. १५ पेशींच्या बीडला तिथे पोचायला तीन दुपटी लागतात. डीएफ-१ ची दुप्पट साधारण दिवसाला एक धरली तर तिसरा दिवसच उजाडतो! ते बीड्स भरले, त्यांच्या पेशी शेजारच्या बीडवर पसरल्या, विणकाम झालं, आणि वाढत्या गठ्ठ्याला इम्पेलरचा मार बसला की पापुद्रा सुटणारच. फाटणं खरं आहे, पण तो परिणाम आहे, मूळ नव्हे. आरपीएम वाढवलंत तर गठ्ठ्यांबरोबर चांगल्या बीड्सवरच्याही पेशी जातील. कमी केलंत तर बीड्स तळाला बसून आणखी विणले जातील.

पेशीपुराण:
बाप रे. म्हणजे मोकळे बीड्स आणि गठ्ठे ही एकाच रोगाची दोन लक्षणं?

गोलमणी:
हो. उपाय सांगतो. बीड्स लिटरला २ ग्रॅमवर आणा, इनॉक्युलम मिलीलीटरला ८०,००० करा. बीडमागे नऊच्या आसपास पेशी येतील आणि कोरे बीड्स जवळपास संपतील. त्यासाठी १६ कोटी पेशी लागतील, म्हणजे टी-१७५ चे नऊ-दहा भरलेले फ्लास्क. जीवावर येतं, पण इथे काटकसर करू नका. चिकटण्याच्या टप्प्यात मीडियम निम्मंच, १ लिटर ठेवा. पेशी आणि बीड्सची गाठ लवकर पडते. दर अर्ध्या तासाने मिनिटभर ३० आरपीएमला ढवळा आणि पुन्हा थांबा, ढीग दर वेळी मोडला जाईल. वरच्या मीडियममध्ये सुट्या पेशी जवळपास दिसेनाशा झाल्या की मीडियम पूर्ण करा आणि सलग ढवळा. किती वेगाने? सगळे बीड्स तळावरून जेमतेम उठतील इतक्याच. तो आकडा तुमच्या भांड्यात डोळ्यांनी बघून ठरवा, दुसऱ्याच्या प्रोटोकॉलमधून उचलू नका.

जाता जाता: डीएफ-१ ला ३९ अंश जास्त मानवतं. पक्ष्याच्याच पेशी आहेत, कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ च्या आसपास असतं. पण आत्ताच दोन गोष्टी एकदम बदलू नका, काय लागू पडलं ते कळणार नाही.

सहजच_विचारलं:
माझा या क्षेत्राशी संबंध नाही, वाचून मजा आली म्हणून विचारतो. अंड्यात लस तर १९४० च्या दशकापासून बनतेय. मग हा एवढा उपद्व्याप कशासाठी?

नळीवाला:
प्रश्न रास्त आहे. लासोटासाठी अंडं अजूनही स्वस्त आणि तगडं आहे, हे आधी मान्य करतो. पण लशीची अंडी बाजारातली नव्हेत. ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्या कळपांची लागतात, आणि ती महिनोन्‌महिने आधी नोंदवावी लागतात. बर्ड फ्लूची साथ आली की जी लस हवी तिचा कच्चा मालच धोक्यात. शिवाय एकेक अंड्याला सुई टोचायची, एकेकातून द्रव काढायचा, त्यात एक सडकं निघालं की बॅचवर शंका. बंद भांड्यात हे बरंच सुटतं. गोवर-गालगुंडाच्या लशींसाठी तर कोंबडीच्या भ्रूणातून ताज्या काढलेल्या पेशी कधीपासून वापरात आहेत, पण त्याही दर वेळी नव्या अंड्यांतून काढाव्या लागतात. एकदा तपासून गोठवलेली सेलबँक असली की ती दगदग जाते.

बदकपंथी:
वरिष्ठांच्या सूचनेबद्दल थोडं. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. बदकाच्या भ्रूणाच्या मूलपेशींपासून केलेली ईबी६६ बीड्सशिवाय, सीरमशिवाय, सुटी तरंगत वाढते. तिच्यावर काढलेल्या एच५एन१ लशीला जपानमध्ये २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. मस्कोव्ही बदकाच्या डोळ्याच्या पडद्यापासून केलेली एजीई१.सीआर हीही तशीच, पर्फ्युजनमध्ये (मीडियम सतत बदलत ठेवून) ती मिलीलीटरला कोटींच्या घरात नेलेली आहे. बीड्सवर तुम्ही दहा लाखांच्या आसपास अडकाल.

तरी घाई नको. या सेललाइन परवान्यावर मिळतात, हा एक खर्च. दुसरं, पेशी दाट झाल्या म्हणून विषाणू त्याच प्रमाणात येत नाही. घनता वाढली की पेशीमागचं उत्पादन बरेचदा पडतं, मीडियम बदलत राहावं लागतं. तिसरं, विषाणू एका पेशीतून दुसरीत कसा जातो ते आधी बघा. गंमत म्हणजे एमव्हीए हा देवीच्या लशीतला विषाणू सुट्या सीआर पेशींमध्ये धड पसरेना, कारण त्याला पेशी पेशीला टेकलेली लागते. तिथे लोकांनी खास मीडियम घालून मुद्दाम गठ्ठे करवले! पुढे गठ्ठ्यांशिवाय पसरणारा वाणही निवडून काढला, पण ती पुढची गोष्ट.

डीएफ-१ ची एक जमेची बाजू विसरू नका. कोंबडीच्या पेशींत ल्युकोसिस गटाचे आनुवंशिक रेट्रोविषाणू दडलेले असतात. १९९० च्या दशकाच्या मध्यात कोंबडीच्या पेशींतून बनलेल्या लशींमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे रेट्रोविषाणूंचं एन्झाइम सापडलं तेव्हा मोठी चर्चा झाली होती. पुढच्या तपासण्यांत लस घेतलेल्यांना त्यांची लागण झाल्याचं दिसलं नाही, पण नियामक तेव्हापासून हा प्रश्न विचारतातच. डीएफ-१ ज्या कोंबड्यांपासून आली त्या मुद्दाम या जनुकांशिवायच्या निवडल्या होत्या.

पेशीपुराण:
सगळ्यांचे मनापासून आभार. गोलमणी म्हणाले तसं करून पाहिलं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून. तिसऱ्या दिवशीच्या स्लाइडवर कोरा बीड शोधावा लागतो. केंद्रकांची मोजणीही सुरू केली आणि नळीवाल्यांचं खरं निघालं, जुना आकडा फसवा होता. गठ्ठे अजून होतात, पण लहान, आणि चौथ्या दिवशी, बीड्स भरल्यावर.

आता पुढचा प्रश्न. लासोटाला ट्रिप्सिन लागतं. ते घातलं की पेशी पुन्हा सुटतील, ही भीती आहे.

गोलमणी:
गठ्ठे होईपर्यंत थांबता कशाला? बीड्स ८० टक्के भरले की विषाणू घाला.

ट्रिप्सिनचं म्हणाल तर भीती रास्त आहे. लासोटाचं एफ प्रथिन कापलं गेलं नाही तर तो पुढच्या पेशीत शिरत नाही. अंड्याच्या द्रवात कापणारं प्रोटिएज आयतंच असतं, तुमच्या मीडियममध्ये नसतं. पण सीरममध्ये ट्रिप्सिनला निकामी करणारे घटक असतात, म्हणून आधी सीरम काढा. इथे बीड्सचा फायदा: ढवळणं थांबवा, बीड्स बसले की वरचं मीडियम काढा, सीरमशिवायच्या मीडियमने धुवा, पुन्हा एकदा तसंच. बसलेले बीड्स गरजेपेक्षा जास्त वेळ तसेच ठेवू नका, कारण माहीत आहेच. मग विषाणू.

पेशीपुराण:
ट्रिप्सिन विषाणूबरोबरच की नंतर?

गोलमणी:
नंतर. तासभर विषाणू चिकटू द्या, मग मिलीलीटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास टीपीसीके ट्रिप्सिनने सुरुवात करा. त्याच पेशी शेजारी सहा वेलच्या प्लेटमध्ये वाढवून ट्रिप्सिनच्या तीन-चार मात्रा विषाणूशिवाय लावून बघा. ज्या मात्रेला एका रात्रीत पेशींच्या कडा गोल व्हायला लागतील तिच्या एक पायरी खाली राहा.